पश्मी खरंच 'प्राचीन' आहे का? कारवानी कुत्र्यावरचं लेखन वाचताना

माळेगावच्या यात्रेला गेलेल्यांना कारवानी कुत्रा ओळखून दाखवावा लागत नाही. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला चिकटलेलं पोट, उंच सडपातळ पाय. लोहा तालुक्यातल्या या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, जनावरं यांच्यासोबत श्वान प्रदर्शनही भरतं. इकडे लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव तर या कुत्र्यासाठीच ओळखलं जातं. या कुत्र्यांच्या घोळक्यात एखादा वेगळा दिसतो. अंगकाठी तीच, पण कानांवर, पायांच्या मागच्या बाजूला आणि शेपटीला रेशमासारखे लांब केस. त्याला पश्मी म्हणतात. फारसीत 'पश्म' म्हणजे लोकर. पश्मीना शालीतला तोच शब्द.

आजची पोस्ट कुत्र्याची माहिती देण्यासाठी नाही. त्यावर जे लिहिलं जातं ते कसं वाचायचं, यासाठी आहे. कारण नांदेड-लातूर भागातून प्राणिशास्त्र, पशुवैद्यक किंवा इतिहास या विषयांत पीएचडीचा विचार करणाऱ्यांना 'स्थानिक विषय घ्या' असा सल्ला हमखास मिळतो, आणि हा विषय खरंच चांगला आहे. पण सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य साधारण असं येतं: कारवानी ही अत्यंत प्राचीन जात असून ती अफगाण-अरबी कारवानांसोबत आलेल्या सलुकी व ताजी कुत्र्यांपासून निर्माण झाली. हे वाक्य इतक्या ठिकाणी आहे की त्याला कोणी संदर्भही जोडत नाही. एका वाक्यात तीन दावे आहेत. जात प्राचीन आहे, ती बाहेरून आली, आणि ती सलुकीची वंशज आहे. तिन्हींना लागणारा पुरावा वेगवेगळ्या प्रकारचा आहे. एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही. आमच्याकडे बहुतेक लेखनात हेच होतं: एका दाव्याचा पुरावा दाखवून तिन्ही दावे खपवले जातात.

आधी 'प्राचीन' या शब्दाकडे बघू, कारण सगळा रुबाब त्याचाच आहे.

२००४ मध्ये हायडी पार्कर आणि सहकाऱ्यांचा पेपर 'सायन्स'मध्ये आला. ८५ जातींचे ४१४ कुत्रे, ९६ मायक्रोसॅटेलाइट मार्कर. निष्कर्षात काही जाती लांडग्याच्या जवळ, बाकी सगळ्यांपासून वेगळ्या दिसल्या. त्यांत शार-पेई, चाऊ-चाऊ, अकिता, बसेंजी यांच्यासोबत अफगाण हाऊंड आणि सलुकी होते. मग काय, बातम्या सुटल्या: 'सलुकी जगातली सर्वांत जुनी जात, डीएनएने सिद्ध.' आपल्याकडे त्यात एक पायरी वाढली. सलुकी जुना, कारवानी सलुकीसारखा दिसतो, म्हणून कारवानीही जुना.

त्याच पेपरमध्ये एक गोष्ट होती जी बातम्यांत फारशी आली नाही. फेरो हाऊंड आणि इबिझन हाऊंड या दोन जाती इजिप्तच्या थडग्यांतल्या चित्रांसारख्या दिसतात, म्हणून त्या फार जुन्या मानल्या जायच्या. डीएनएत त्या जुन्या निघाल्या नाहीत. अलीकडच्या काळात दुसऱ्या जातींच्या संकरातून त्या नव्याने घडवल्या गेल्या असाव्यात, असं लेखकांनी म्हटलं. म्हणजे 'चित्रातल्यासारखा दिसतो' हा पुरावा त्याच पेपरने निकालात काढला होता. आणि तोच पेपर पुढे करून आपण 'दिसतो तसाच आहे' हे सिद्ध करत बसलो!

यानंतर २०१२ मध्ये ग्रेगर लार्सन आणि सहकाऱ्यांचा पेपर पीएनएएसमध्ये आला. माझ्या मते संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने, विषय कुत्र्यांचा नसला तरी, हा पेपर वाचावा. ३५ जातींचे १,३७५ कुत्रे, १९ लांडगे, ४९,०२४ एसएनपी. शिवाय पुरातत्त्वातले कुत्र्यांचे अवशेष आणि जुन्या जातींच्या भौगोलिक नोंदी. त्यांनाही झाडाच्या बुंध्यापाशी वेगळ्या निघणाऱ्या सहा जाती सापडल्या: अकिता, बसेंजी, युरेशियर, फिनिश स्पिट्झ, सलुकी आणि शार-पेई. या यादीत एक नाव खटकायला हवं. युरेशियर. ही जात जर्मनीत १९६० च्या सुमारास चाऊ-चाऊ आणि वुल्फस्पिट्झ यांच्या संकरातून तयार केली गेली. साठ-पासष्ट वर्षांची जात झाडावर 'प्राचीन' जातींच्या ओळीत बसली आहे.

इथे थांबून विचार करा. झाड चुकलेलं नाही, गणित बरोबर आहे. मग चूक कुठे आहे? झाडावरच्या जागेचा अर्थ लावण्यात. लार्सन यांचा मुद्दा असा की या जाती वेगळ्या दिसतात कारण त्या एकट्या राहिल्या. लंडनचा केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला. व्हिक्टोरियन काळापासून युरोपात मोठ्या प्रमाणात आंतरसंकर आणि मग बंद वंशावळी असा प्रकार चालला. त्यामुळे युरोपातल्या बहुतेक जातींचं रक्त एकमेकांत मिसळलं. ज्या जाती भौगोलिक किंवा सांस्कृतिक कारणांनी या मिसळण्यापासून लांब राहिल्या, त्या झाडावर वेगळ्या फांदीवर दिसतात. युरेशियर तिथे बसतो कारण त्याच्या घडणीत चाऊ-चाऊचा मोठा वाटा आहे. त्यामुळे झाडावरची फांदी 'कमी मिसळ' सांगते, 'जास्त वय' सांगत नाही. लार्सन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. झाडाच्या बुंध्याशी दिसणाऱ्या काही जाती अशा प्रदेशांतल्या आहेत जिथे कुत्र्यांचे सर्वांत जुने अवशेष मिळतच नाहीत, उलट तिथे कुत्रा बऱ्याच उशिरा पोहोचला. ऑस्ट्रेलियाचा डिंगो हे त्यातलं ठळक उदाहरण.

मला हा पेपर आवडतो तो यासाठी की त्याने आपल्याच क्षेत्रातला एक लाडका शब्द हातातून काढून घेतला. 'प्राचीन जात' म्हणायला सोपं असतं, गाईडला आवडतं, पेपरच्या शीर्षकात शोभतं. आता सिनॉप्सिसमध्ये हा शब्द लिहिलात आणि आरआरसीत कोणी लार्सन वाचलेला बसलेला असला, तर पहिला प्रश्न तिथूनच येईल.

तरीही पेपरला एक मर्यादा आहे, आणि ती आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी जाते. ३५ जाती म्हणजे नोंदणीकृत, वंशावळ असलेल्या जाती. जानवळच्या शेतकऱ्याच्या दारातला कुत्रा या चौकटीत बसत नाही. त्याची वंशावळ कागदावर नाही, पण त्याची पैदास अविचारी नाही. कुठल्या कुत्रीला कुठला नर द्यायचा हे ठरवून केलं जातं, फक्त ते तोंडी चालतं. अशा समूहाला 'भटकी' म्हणणं चूक आणि 'जात' म्हणताना केनेल क्लबचा अर्थ घेणं हेही चूक. इंग्रजीत यासाठी 'लँडरेस' शब्द आहे. मराठीत 'गावठी वाण' म्हटलं की शेतकऱ्याला ताबडतोब कळतं, ज्वारीच्या वाणासारखंच. लार्सन यांचे निष्कर्ष अशा गावठी वाणावर थेट लावता येत नाहीत. ते लावायचे असतील तर आधी नमुने गोळा करावे लागतील. म्हणजे तुमच्यासाठी काम शिल्लक आहे.

आता दुसरा दावा: कारवानांबरोबर आला. याचा पुरावा म्हणून काय देतात? नाव. 'कारवानी' म्हणजे कारवानातला, म्हणून अफगाण कारवानातला. 'ताजी' या फारसी शब्दाचंही असंच होतं. ताजी म्हणजे अरबी, आणि हा शब्द घोड्यालाही लावतात, कुत्र्यालाही. पण नावावरून जन्मगाव ठरत नसतं. नाव देणाऱ्याला तो कुत्रा कोणाजवळ दिसला, एवढंच नाव सांगतं.

मग 'कारवान' म्हणजे कोणाचा कारवान, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. आपल्या भागात सर्वांत ओळखीचा कारवान कोणता? बंजाऱ्यांचा तांडा. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरणारे, सैन्याला रसद पोहोचवणारे तांडे. नांदेड जिल्ह्यात आजही तांडे कमी नाहीत. इंग्रजांच्या १९व्या शतकातल्या लेखनात 'ब्रिंजारी' कुत्रा येतो, आणि ब्रिंजारी म्हणजे आपले बंजारेच. शिकारी, वेगवान, तांड्याची राखण करणारा. तर 'कारवानी' हे नाव अफगाणिस्तानातून न येता आपल्याच तांड्यावरून पडलं असेल, ही शक्यता तपासण्यासारखी आहे. मी ती सिद्ध झाली असं म्हणत नाही. पण खैबर खिंडीतून कुत्रा आणण्याआधी हदगाव-किनवटच्या रस्त्यावर एकदा बघायला काय हरकत आहे?

आणि बाहेरून आलाच असेल, तर तो जमिनीवरूनच यायला हवा असं कोणी सांगितलं? दख्खनला इराणी आखातातले घोडे समुद्रमार्गे, चौल-दाभोळ बंदरांतून येत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला, एक घोडा घेऊन जुन्नरमार्गे बीदरला आला. महमूद गावान, बहमनी राज्याचा प्रसिद्ध वजीर, मुळात इराणमधून व्यापारी म्हणून आलेला, आणि त्याचा मदरसा आजही बीदरला उभा आहे. बीदरपासून उदगीर जवळच. जिथे घोडे येतात, मोतद्दार येतात, शिकारीचा शौक असलेले सरदार येतात, तिथे शिकारी कुत्राही येऊ शकतो. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त अकबराला कुत्र्यांची आवड होती आणि चांगले कुत्रे काबूलकडून, विशेषतः हजारा प्रदेशातून येत, असं नोंदवलेलं आहे. म्हणजे वायव्येकडून कुत्रे येत होते, हे निश्चित. पण ते आग्र्याला येत होते. आग्र्याहून उदगीरपर्यंतची साखळी कागदावर जोडून दाखवल्याशिवाय ही नोंद आपल्या उपयोगाची नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे खास लक्षात घ्यावं: 'मुघल काळात होतं' आणि 'मराठवाड्यात होतं' या दोन वेगळ्या विधानांना दोन वेगळे कागद लागतात.

कागदांवरून मुधोळची गोष्ट आठवली. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी स्थानिक बेरड समाजाकडचे हे शिकारी कुत्रे पाहिले, त्यांची पैदास केली आणि इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला एक जोडी भेट दिली, अशी कथा सर्वत्र आहे. कथेतला मुख्य भाग नाकारायचं कारण नाही. पण लेख वाचताना साल तपासा. पंचम जॉर्ज मे १९१० ते जानेवारी १९३६ एवढाच काळ राजा होता. या चौकटीबाहेरचं साल देणाऱ्या लेखकाने मूळ कागद पाहिलेला नाही, दुसऱ्या लेखातून उचललंय, असं समजायला हरकत नाही. सेकंडरी सोर्स जोखायची ही सोपी युक्ती आहे आणि ती कुठल्याही विषयाला चालते.

या मुधोळ प्रकरणाचा आपल्या भागावर मात्र थेट परिणाम झालाय. एकाच कुत्र्याला दोन नावं पडली. केनेल क्लब ऑफ इंडिया 'कॅरव्हान हाऊंड' म्हणतं, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाऊंड'. टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात 'मुधोळ हाऊंड'. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्र्यांचा उल्लेख केला, त्यातही मुधोळ. भारतीय लष्कराने प्रशिक्षणासाठी घेतलेले कुत्रेही त्याच नावाने. कर्नाटकात पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र मुधोळजवळ तिम्मापूरला आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी जातींच्या यादीत पहिल्यांदा कुत्र्यांच्या तीन जाती घेतल्या: राजपालयम, चिप्पिपराई आणि मुधोळ हाऊंड. मुधोळच्या पुढे राज्य म्हणून कर्नाटक.

यात कर्नाटकाची काही चूक नाही. त्यांनी केंद्र काढलं, पाहणी केली, फॉर्म भरले. यादी भावनेवर होत नाही, मोजमापांवर होते. मग लातूर-नांदेडच्या कारवानीचं काय करायचं? इथे दोनच रस्ते आहेत आणि दोन्हींना विदा लागतो. एक म्हणजे कारवानी मुधोळपासून वेगळा आहे असं दाखवायचं. त्यासाठी दोन्हीकडच्या कुत्र्यांची शरीरमापं आणि डीएनए यांची तुलना हवी, आणि फरक दोन गटांच्या आतल्या फरकापेक्षा मोठा निघायला हवा. दुसरा म्हणजे तो एकच आहे असं मान्य करून त्याचा मूळ प्रदेश महाराष्ट्रापर्यंत वाढवून घ्यायचा. दुसऱ्या रस्त्याला आपल्याच घरचं उदाहरण आहे. देवणी गाय. लातूर जिल्ह्यातल्या देवणीचं नाव लावणारी ही गाय त्याच ब्युरोच्या यादीत महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या नावावर आहे. गाईला सीमा ओलांडता येते तर कुत्र्याला का नाही? उलट नांदेडची लाल कंधारी फक्त महाराष्ट्राच्या नावावर आहे. म्हणजे दोन्ही प्रकारच्या नोंदी कशा होतात हे पाहायला लांब जायची गरज नाही. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडला विद्यापीठ आहे.

माझं मत विचाराल तर मी दुसऱ्या रस्त्याच्या बाजूने आहे. 'आमचा वेगळा' हे सिद्ध करायच्या नादात सोयीचे नमुने निवडले जातात. एकाच पाळणाऱ्याकडची दहा भावंडं घेतली की ती मुधोळपेक्षा 'वेगळी' निघणारच, कारण ती एका घरची आहेत. त्यात शर्यतीसाठी ग्रेहाऊंडशी केलेले संकर मिसळले तर आणखी वेगळी निघतील, पण तो वेगळेपणा विकत आणलेला असेल. म्हणून अशा अभ्यासात ग्रेहाऊंडचे नमुने तुलनेसाठी ठेवलेच पाहिजेत, आणि एका घरातून एक किंवा फार तर दोन, नात्यात नसलेले, एवढीच मर्यादा ठेवली पाहिजे.

आता पश्मी. माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वांत कमी अभ्यासलेला आणि सर्वांत चांगला प्रश्न हाच आहे. पश्मी वेगळी जात, की कारवानीचाच केसाळ प्रकार?

सलुकीत दोन्ही प्रकार एकाच जातीत धरतात: झालरवाला आणि आखूड केसांचा. त्यामुळे तर्काने पश्मीलाही कारवानीचा प्रकार मानता येईल. पण तर्क पुरेसा नाही. केसांच्या लांबीचं आनुवंशिकशास्त्र २००६ नंतर बरंच उलगडलं. एफजीएफ-५ नावाच्या जनुकातला एक बदल लांब केसांना कारणीभूत असतो, आणि तो अप्रभावी आहे. म्हणजे आई आणि बाप दोघांकडून एकेक प्रत मिळाली तरच पिल्लाचे केस लांब. २००९ मध्ये कॅडिउ आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की कुत्र्यांच्या कातडीवरच्या केसांची बरीचशी विविधता फक्त तीन जनुकांतून समजावता येते: एफजीएफ-५, आरएसपीओ-२ आणि केआरटी-७१. इथे एक नेहमीचा घोळ टाळा. आरएसपीओ-२ मिशा-दाढी-भुवयांचे केस ठरवतं. पश्मीची झालर कानाला आणि शेपटीला असते, तोंडावर नाही. इंग्रजी शब्द सारखे वाटतात म्हणून दोन्हींची सरमिसळ केलेले सिनॉप्सिस मी वाचलेत.

आणि 'तीन जनुकांत सगळं आलं' असंही समजू नका. अफगाण हाऊंड, म्हणजे लांब केसांचा सर्वांत प्रसिद्ध दृष्टी-शिकारी कुत्रा, एफजीएफ-५ च्या तेव्हा माहीत असलेल्या बदलात बसला नाही. पुढे २०१३ मध्ये डिर्क्स आणि सहकाऱ्यांनी त्याच जनुकात आणखी बदल शोधले, तेव्हा ते कोडं बरंचसं सुटलं. आपल्यासाठी हे सोनं आहे. पश्मीचे लांब केस कुठल्या बदलामुळे आहेत, हा एक नेमका, परवडणारा आणि उत्तर देता येण्याजोगा प्रश्न आहे. युरोपी जातींत सर्रास दिसणारा बदल निघाला, तर लांब केस अलीकडच्या एखाद्या विलायती कुत्र्याकडून आले असतील. अफगाण किंवा सलुकीकडचा बदल निघाला, तर 'बाहेरून आला' या कथेला पहिल्यांदा खरा आधार मिळेल, निदान केसांपुरता. ज्या वाक्यावर आपण इतका वेळ घालवला, त्यातल्या तिसऱ्या दाव्याला हात घालायचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे. सगळा जीनोम वाचायला पैसे नसतील तरी एका जनुकाचे तुकडे वाचायला फार लागत नाहीत.

अप्रभावी असण्याचा आणखी एक परिणाम गावात दिसतो. समजा एखाद्या गावच्या कारवानी समूहात लांब केसांच्या प्रतीचं प्रमाण ०.२ आहे. मग दर शंभर पिल्लांमागे साधारण चारच पश्मी जन्मतील, पण बत्तीस पिल्लं आखूड केसांची असूनही ती प्रत अंगात घेऊन फिरतील. अशी दोन आखूड केसांची कुत्री-कुत्रा जुळली की एखादं केसाळ पिल्लू निघतं आणि पाळणारा म्हणतो, 'भेसळ झाली, कुत्री कुठं बाहेर लागली.' पिल्लू कमी भावात जातं किंवा पैदाशीतून बाद होतं. भेसळ झालेलीच नसते. उलट, केसाळ पिल्लं बाद केल्याने ती प्रत संपत नाही, फक्त दिसेनाशी होते, आणि आधीच लहान असलेल्या समूहातून चांगले प्राणी उगाच वगळले जातात. 'शुद्ध प्राचीन जात' या कल्पनेची किंमत इथे मोजली जाते, आणि ती पिल्लू आणि पाळणारा दोघेही मोजतात.

तपासायला प्रयोगशाळाही लागत नाही, सुरुवातीला वही पुरते. पश्मी आणि पश्मी यांच्या विणीची नोंद ठेवा. लांब केस एकाच अप्रभावी जनुकामुळे असतील, तर सगळी पिल्लं केसाळच निघायला हवीत. एखादं तरी आखूड केसांचं निघालं आणि बाप कोण याची खात्री असेल, तर गृहीतक मोडलं: मग दोन वेगळी जनुकं गुंतलेली असू शकतात. एका नोंदीने मोडू शकेल असं गृहीतक मांडणं म्हणजे काय, हे वायवात समजावून सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

शरीराबद्दल थोडक्यात, कारण यावर बरंच लिहिलेलं आहे. नर खांद्यापाशी साधारण ६८ ते ७२ सेंटीमीटर, मादी थोडी कमी. धावताना चारही पाय हवेत, आणि तेही एका झेपेत दोनदा, हे ग्रेहाऊंडसारख्या सर्व दृष्टी-शिकाऱ्यांचं वैशिष्ट्य. ग्रेहाऊंडमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असतं आणि थायोपेंटॉलसारखं भूल देणारं औषध त्यांच्या शरीरातून हळू बाहेर पडतं, त्यामुळे शुद्धीवर यायला वेळ लागतो. हे पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आहे. कारवानीचे सामान्य रक्तमूल्य काय, हे मोजून ठेवलेलं असलं पाहिजे, नाहीतर ग्रेहाऊंडचे किंवा सर्वसाधारण कुत्र्यांचे आकडे लावून डॉक्टर निरोगी कुत्र्याला आजारी ठरवतील. बरगड्या दिसतात म्हणून 'याला खायला घाला' असा सल्ला देणारे तर आहेतच. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला एमव्हीएससीसाठी एवढाच विषय पुरेसा आहे.

पुस्तकं दोन सांगतो. डब्ल्यू. व्ही. सोमण यांचं 'द इंडियन डॉग' १९६३ चं, पॉप्युलर प्रकाशनाचं. एस. थिओडोर बास्करन यांचं 'द बुक ऑफ इंडियन डॉग्स' २०१७ चं, २५ जातींची ओळख करून देणारं. बास्करन निसर्गाचे आणि चित्रपट-इतिहासाचे अभ्यासक, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, लिहितात सुंदर. दोन्ही वाचा, पण ही वर्णनाची पुस्तकं आहेत, विदा नाही. यांतलं एखादं वाक्य उचलून त्यापुढे 'सिद्ध झाले आहे' असं लिहू नका. दोन पुस्तकांमध्ये अर्धशतकाहून जास्त अंतर आहे, हेही या विषयाबद्दल बरंच सांगतं.

शेवटी क्षेत्रभेटीबद्दल, कारण यावर तुम्ही मेसेजमध्ये सारखं विचारता. हा शिकारीचा कुत्रा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहे. सशाचीही, काळविटाची तर बातच नको. त्यामुळे 'कुत्रा काय काम करतो' असा प्रश्न प्रश्नावलीत सरळ टाकलात तर 'राखण' एवढंच उत्तर मिळेल, आणि कोणी खरं सांगितलं तर तुमच्याच वहीत त्याच्याविरुद्धचा पुरावा तयार होईल. म्हणून शिकारीबद्दलचे प्रश्न आजोबांच्या काळापुरते ठेवा, पाळणाऱ्याचं नाव आणि मापं वेगवेगळ्या वह्यांत ठेवा आणि दोन्ही जोडणारा क्रमांक फक्त स्वतःजवळ ठेवा. रक्ताचे नमुने घ्यायचे तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि सोबत पशुवैद्यक हवाच. नुसत्या केसांच्या जनुकासाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला नमुनाही चालतो, तोही मालकाची लेखी संमती घेऊनच. काडी घासण्याआधी अर्धा तास कुत्र्याला काही खायला देऊ नका असं सांगून ठेवा. भाकरीचा चुरा मिसळला की नमुना वाया जातो, आणि पाहुण्यासमोर कुत्र्याला भाकरी टाकायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे.